हातात देणारे प्रभाकरभाऊ

प्रभाकरभाऊ वेटरला टीप देत नसत, त्याच्याशी हात मिळवत. बिल चुकतं झालं की ते खुर्चीतून उठत, वेटरला बोटानं जवळ बोलावत, त्याचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेत आणि असा दाबत, की शेजारच्या टेबलांवरच्या कोणालाही वाटावं, नोट गेली. मग त्याची मूठ स्वतःच मिटवून देत आणि मोठ्यानं म्हणत, “खुश राह्य बेटा!” साहेबासमोर मूठ उघडून बघणं बरं दिसत नाही, म्हणून वेटर ती तशीच मिटून ठेवी. तो उघडेपर्यंत आम्ही पार्किंगमध्ये पोचलेलो असायचो.

त्या मुठीत काय असतं, हे मला लग्नानंतर सहा वर्षांनी कळलं. अमरावती रोडवर, वाडीच्या पुढच्या एका ढाब्यावर आम्ही दोन्ही कुटुंबं जेवायला गेलो होतो. भाऊंनी नेहमीप्रमाणे हात मिळवला. आम्ही गाडीत बसतो न बसतो, तोच वेटर मागून धावत आला. पन्नाशीचा, टक्कल पडलेला माणूस. खिडकीपाशी उभा राहून त्यानं तळहात उघडला आणि चेहऱ्यावरची रेषही न हलवता म्हणाला, “साहेब, तुमची पुडी राह्यली.”

तळहातावर बडीशेपेची रिकामी पुडी होती. चार घड्या घातलेली. घडी मात्र इतकी सुबक होती, की स्पर्शाला ती शंभराची नोटच वाटली असेल.

“ठेव बे, तुलेच देली,” भाऊ म्हणाले आणि त्यांनी काच वर केली.

मी उतरून पन्नास रुपये देऊन आलो. तर परतीच्या वाटेवर मलाच ऐकावं लागलं. “साडभाऊ, तू बिघडवून राहिला हे लोकं. इज्जत द्याची त्यायले. पैसा तर कोणीही देते.”

प्रभाकरभाऊ म्हणजे माझी बायको मंदा हिच्या थोरल्या बहिणीचे, शोभाताईंचे यजमान. माझ्याहून दहा वर्षांनी मोठे. नागपूरच्या नंदनवन भागात दुमजली घर, दारात दोन टेम्पो, आणि लग्नकार्यांत जेवणाची कंत्राटं घेण्याचा तीस वर्षं चाललेला धंदा. त्यांचे वडील खाप्याला हातमागावर बसत. माग विकला गेला तेव्हा भाऊंनी दोन मोठी गंजं भाड्यानं आणून लोकांच्या लग्नांत स्वयंपाक करायला सुरुवात केली आणि वाढत वाढत आठशे पानांच्या पंगतीपर्यंत गेले. त्यांच्या हातच्या वांग्याच्या भाजीला आणि सांबारवडीला तोड नव्हती, हे मी मान्य करतो. त्यांच्याविषयी मान्य करण्यासारख्या माझ्याकडच्या गोष्टी इथे संपतात.

धंद्यात त्यांची एक रीत होती. शेवटची पंगत उठली की ते आपले सगळे वाढपी मुलीच्या बापासमोर रांगेत उभे करत. दिवसभर धावून धावून त्या लोकांच्या सदऱ्यांवर वरणाचे डाग पडलेले असत. भाऊ हात जोडून म्हणत, “साहेब, माह्यं काही नाही. मले माह्यं भेटलं. पण हे लोकं खुश झाले पायजे.” मुलीचा बाप त्या वेळी रडून मऊ झालेला असतो. तो हजार-दोन हजार काढे. भाऊंच्या हातात झाकणाला फट पाडलेला स्टीलचा एक डबा असे, त्यात ते पैसे सगळ्यांच्या देखत पडत. डब्याला बारीकसं कुलूप होतं. “दिवाळीले उघडू,” असं ते वाढप्यांना सांगत.

त्या वाढप्यांत शंकर नावाचा खाप्याचा एक जुना माणूस होता. भाऊंच्या वडिलांच्या शेजारी ज्यांचा माग होता, त्यांचा हा मुलगा. भाऊंकडे तो पहिल्या वर्षापासून होता. एकदा एका लग्नात मी त्याला विचारलं, “शंकरराव, दिवाळीला डब्यातून किती निघाले?”

“कोणत्या दिवाळीले म्हणता साहेब?” तो म्हणाला, आणि जिलबीचं ताट घेऊन पुढच्या पंक्तीत गेला.

मी वाडीतल्या एका माल-वाहतुकीच्या गोदामात हिशेब बघतो. कुठे किती आले आणि कुठे किती गेले, हे मला विचारल्याशिवाय राहवत नाही. पण तो डबा माझ्या गोदामातला नव्हता. थोरल्या साडूला कोण विचारणार?

मग त्यांची एकसष्टी आली. घरात सत्यनारायण घालून पंगत उठवावी, तर फुकटात आपलेच वाढपी राबवावे लागतील आणि ते चार लोकांत दिसेल, असा काहीसा विचार त्यांनी केला असावा. त्यांनी जाहीर केलं, “आपण क्रूझवर जाऊ. मुंबईहून निघते, चार रात्री समुद्रात. सगळं खानदान.” आमंत्रण त्यांचं होतं, तिकीट ज्याचं त्याचं. आईंचं, म्हणजे आमच्या सासूबाईंचं तिकीट दोन्ही जावयांनी निम्मं निम्मं भरायचं ठरलं. ते मी भरलं.

आई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. उमरेडच्या विणकरांच्या घरातल्या, त्यामुळे कापड दिसलं की आधी बोटांनी चाचपून बघणार. आयुष्यात त्यांनी समुद्र पाहिला नव्हता. “पाणीच पाणी पाहून काय करू वं?” असं मंदाला म्हणत त्या तयार झाल्या.

आम्ही एकूण दहा माणसं. भाऊ आणि शोभाताई, त्यांचा मुलगा नीलेश, सून आणि नातू, आम्ही नवराबायको, माझी मुलगी आणि मुलगा, आणि आई. एकाच बोळात ओळीनं चार खोल्या मिळाल्या. त्या चारही खोल्या एका माणसाकडे होत्या. साफसफाई, अंथरुणं, टॉवेल, पाणी, जे लागेल ते. छातीवरच्या पाटीवर ‘परब’ लिहिलेलं होतं. पंचेचाळिशीचा, वेंगुर्ल्याचा, केसांत पांढरं दिसू लागलेला. मराठी बोलतो म्हटल्यावर आईंचा अर्धा ताण तिथेच उतरला.

भाऊंनी पहिल्याच दिवशी त्याचा हात दोन्ही हातांत घेतला. “परब, आपण महाराष्ट्राचे माणसं. लक्ष ठेवजो. शेवटच्या दिवशी असा खुश करतो तुले, का याद करशीन!”

परबनं नुसतं हसून “हो साहेब” म्हटलं. वीस वर्षं जहाजावर असलेल्या माणसानं असे हात पुष्कळ पाहिले असणार.

त्या शेवटच्या दिवसाच्या भरवशावर भाऊंनी परबला चार दिवस राबवलं. खोलीत दोन उशा होत्या, त्यांना चार हव्या झाल्या. दिवसातून तीनदा टॉवेल बदलून घेतले. नातवाला टॉवेलचा हत्ती करून हवा होता; परबनं केला; मग माकड हवं झालं; तेही केलं. सदऱ्याला इस्त्री, बुफेतून खोलीत फळं, चपला आणखी एक जोड. चपला पिशवीत गेल्या. दर वेळी निरोप तोच. “शेवटच्या दिवशी पाहू आपण.”

दुसऱ्या दिवशी समुद्र खवळला. आमच्यापैकी बहुतेकांनी अंथरूण धरलं, पण आईंचे हाल सगळ्यात वाईट झाले. उलट्या झाल्या आणि पोटही बिघडलं. त्या एका दुपारीत त्यांचं अंथरूण तीन वेळा खराब झालं. माझी मुलगी त्यांच्याच खोलीत होती, पण तिला स्वतःलाच उभं राहवत नव्हतं. मंदा धावत गेली तोवर परब आत होता. त्यानं आईंना खुर्चीत बसवलं होतं, पायांवर स्वच्छ टॉवेल टाकला होता आणि तो गादीवरची चादर गुंडाळत होता. आई तोंड लपवून रडत होत्या.

“तुम्ही राहू द्या,” मंदा म्हणाली, “मी करते.”

“काय नाय ताई, माझं कामच आहे,” तो म्हणाला. मग आईंकडे बघून, “आजी, रडता कशाला? समुद्र सगळ्यांना असंच करतो. मला पहिल्या खेपेला आठ दिवस केलं होतं.”

संध्याकाळी आईंना बरं वाटलं. मी त्यांच्या खोलीत गेलो तर वेगळंच दृश्य. परब नवी चादर उलगडत होता आणि आई खुर्चीतून उठून तिची दुसरी दोन टोकं धरून उभ्या होत्या. “असं नाही भाऊ, काठ काठाले लावा आधी,” त्या त्याला सांगत होत्या. “हे कापड पॉवरलूमचं आहे. आमच्या घरी याच्याहून घट्ट निघे.” परब त्या सांगतील तशी घडी घालत होता. आपलं काम आपल्याला शिकवलं जातंय, याचा त्याला जराही राग दिसला नाही.

तो गेल्यावर त्या मला म्हणाल्या, “सुधीरराव, माह्या घरच्यानं कधी माही चादर धुतली नाही. या माणसानं तीन वेळा माही घाण काढली. याले असंच नाही सोडाचं.”

तिसऱ्या दिवशी दाराखालून एक कागद आला. त्यात लिहिलं होतं, की कर्मचाऱ्यांची टीप म्हणून दर माणशी दर रात्री चारशे रुपये खोलीच्या खात्यात धरले आहेत. कोणाला नको असेल तर काउंटरवर अर्ज द्यावा. भाऊंनी बुफेतच कुटुंबाची सभा भरवली. समोर तीन प्रकारचे केक.

“सोळा हजार!” ते म्हणाले. दहा माणसं, चार रात्री. गुणाकार त्यांनीही बरोबर केला होता. “सोळा हजारात माह्या दोन वाढप्यायचे लग्नं निघते! आणि हे न इचारता लावून राह्यले? टीप अशी राह्यते का? टीप म्हंजे हाताले हात लागला पायजे.”

“भाऊ, त्या लोकांचा पगार त्यावरच असेल,” मी म्हणालो.

“मंग कंपनीनं द्यावा! मी देतो ना परबले. हातात देतो. त्या मशिनीत काहून टाकू?”

नीलेशनं अर्ज आणला. चारही खोल्यांचा एकच. भाऊंनी सही केली आणि पेन माझ्यापुढे केला. माझ्या चौघांचे सहा हजार चारशे होत होते. मी मनात तो आकडा मांडला आणि सही केली. हातानं देऊच, असं स्वतःला सांगितलं, पण सही करताना बरं वाटलं होतं, हेही खरं आहे. भाऊंविषयी इतकं लिहितो आहे, तर ते लपवून चालणार नाही.

शेवटच्या संध्याकाळी आईंनी कमरेची पिशवी सोडली. त्यात पाचशेच्या चार नोटा होत्या. उमरेडच्या घराच्या भाड्यातून महिन्याला थोडे थोडे बाजूला ठेवलेले. “हे परबभाऊले द्याचे आहेत. मी त्याले सांगून ठेवलं, सकाळी पाकीट भेटन म्हणून.”

“आई, तू स्वतःच दे ना,” मंदा म्हणाली.

पण आईंच्या घरात एक चाल होती. लग्नात, बारशाला, न्हाव्याला, सुताराला, कोणालाही काही द्यायचं झालं तर ते थोरल्या जावयाच्या हातून. सासरे गेल्यापासून ती कधी मोडली नव्हती. आणि भाऊंनी हात पुढे केलाच होता. “आई, बाईमाणसानं असं बोळीत उभं राहून देनं बरं दिसत नाही. तुमच्या नावानं मी देतो. त्याच्यात माह्येही टाकतो.”

आईंनी नोटा त्यांच्या हातात ठेवल्या. वर म्हणाल्या, “जवाईबापू, त्याच्या हातात नीट द्या. मी पाहीन.”

त्यांनी खरंच पाहिलं. सकाळी उतरायच्या वेळी त्या चाकाच्या खुर्चीत बसून बोळाच्या तोंडाशी थांबल्या होत्या. परब दारं उघडी करून उभा होता. भाऊ पुढे झाले. कोट घातला होता. परबचा उजवा हात त्यांनी दोन्ही हातांत घेतला, दाबला, मूठ मिटवली आणि बोळभर ऐकू जाईल असं म्हणाले, “आमच्या आईच्या तर्फे! खुश राह्य, परब!”

मी मागे होतो. भाऊ वळले, तशी परबनं मूठ किंचित उघडली. आत साखरेची रिकामी पुडी होती. जहाजाचंच नाव छापलेली. चार घड्या, काठाला काठ.

परबनं ती पाहिली. आईंनी त्याच्याकडे पाहिलं. ते दोन क्षण माझ्या अजून डोळ्यांपुढे आहेत, कारण त्या दोन क्षणांत मी बोलायला हवं होतं आणि बोललो नाही. परबनं पुडी सदऱ्याच्या खिशात ठेवली, नोटा ठेवाव्यात तशी, जपून. मग आईंपुढे वाकून दोन्ही हात जोडले.

“मिळालं, आजी.”

“पुरले ना भाऊ?”

“खूप झालं.”

आईंचा चेहरा असा उजळला, की मला मान खाली घालावी लागली.

सगळे लिफ्टकडे गेल्यावर मी चष्मा राहिल्याचं निमित्त करून मागे फिरलो. चष्मा माझ्या नाकावर होता. परब आईंच्याच खोलीतली चादर काढत होता. मी पाकीट उघडलं. चार हजार सातशे होते. टॅक्सीला सातशे ठेवले आणि चार हजार पुढे केले. “यातले दोन हजार आजींचे आहेत,” मी म्हणालो. “बाकीचे आमचे. आमचे पुरे नाहीत. राहिलेले फोनवरून पाठवू का?”

“फोनवर घ्यायला मनाई आहे साहेब.” त्यानं पैसे घेतले, माझ्यासमोर मोजले आणि कपाटातून एक लिफाफा काढून त्यावर आमच्या खोल्यांचे नंबर लिहिले. “हेही माझ्याकडे राहात नाहीत. ज्या खोल्यांनी टीप काढून घेतली, त्यांच्याकडून हातात आलेलं पेटीत जातं. खाली कपडे धुणारे असतात, भांडी घासणारे असतात. आजींच्या चादरी मी काढल्या, पण धुतल्या त्यांनी ना.”

“आणि पेटीतून तुम्हाला मिळतात?”

प्रश्न विचारताना माझ्या डोळ्यांपुढे कोणता डबा होता, हे त्याला कळण्याचं कारण नव्हतं.

“महिन्याला उघडते. सगळ्यांसमोर.” मग जरा थांबून म्हणाला, “साहेब, आजींना काय बोलू नका हां. त्यांनी दिलंय. मला मिळालंय.”

खाली सामानाच्या हॉलमध्ये बॅगांची वाट बघत मी भाऊंना बाजूला घेतलं.

“भाऊ, आईंचे दोन हजार कुठे आहेत?”

“देले ना! तुह्यासमोर देले.”

“मी पुडी पाहिली.”

दुसरा कोणी चपापला असता. भाऊंनी फक्त बॅगांच्या पट्ट्याकडे बघत मान हलवली. “साडभाऊ, तू लय शिकला, पण दुनिया नाही पाह्यली. तो पैसा त्याले भेटतच नाही गा. पेटीत जाते. पेटीतून साहेबाच्या घरी जाते. मंग त्या साहेबाले काहून द्या? त्याच्याहून आपल्या घरात राह्यलेला काय वाईट?”

“तुम्हाला कसं माहीत, साहेबाकडे जातो म्हणून?”

“मले नाही माहीत तर कोणाले माहीत असन बे?” ते हसले. अगदी मोकळेपणानं, घरच्या माणसाशी हसावं तसं. “तीस वर्षं पेटी कोणापाशी होती?”

तेवढ्यात त्यांची बॅग आली. ती त्यांनी उचलली नाही, हमालाला बोलावलं. गाडीत ठेवून घेतली. आणि त्याच्याशी हात मिळवला.

कंजूष माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत आणि त्यांचा मला तिटकारा नाही. देत नाही म्हणणारा माणूस निदान तसं म्हणतो. समोरच्याला आपलं ठरवता येतं. भाऊंना पैसे वाचवून भागत नव्हतं. त्यांना देणाऱ्याचा मानही हवा असे, आणि तोही घेणाऱ्याच्याच मुठीतून. वेटरनं, वाढप्यानं, परबनं चार लोकांत मूठ मिटून उभं राहायचं आणि यांनी दिलदार ठरायचं. इतका स्वस्त मान मी दुसऱ्या कोणाला विकत घेताना पाहिला नाही.

नागपुरात परतल्यावर ती गोष्ट त्यांनी नंदनवनभर सांगितली. आधी दोन हजार सांगत. गणपतीपर्यंत पाच झाले. आई तर येईल त्याला सांगत, “प्रभाकररावांचा हात मोठा. जहाजावर त्या माणसाच्या डोळ्यांत पाणी आलं.” मी समोर असायचो. मंदाला मी सगळं सांगितलं होतं. ती माझ्याकडे बघायची आणि मी वर्तमानपत्र उचलायचो. आईंचं सुख त्या खोट्यावर उभं होतं आणि ते जपायला परबनं मला सांगितलं होतं. भाऊंचं नाव मी राखत होतो, ते असं दुसऱ्याच्या शब्दाखातर.

पुढच्या वर्षी भाऊंना हृदयविकाराचा झटका आला. दवाखान्यात चार दिवस होते. तिसऱ्या दिवशी मी भेटायला गेलो तेव्हा बोलणं जवळजवळ बंद झालं होतं. त्यांनी माझा हात घेतला, एकाच हातानं, कारण दुसऱ्याला सलाईन होतं, आणि दाबला. “साडभाऊ, खुश राह्य,” म्हणाले. बाहेर लिफ्टपाशी आल्यावर मी मूठ उघडून पाहिली. काही असेल असं वाटलं नव्हतं. तरी पाहिली.

भाऊंची तेरवी नंदनवनात, घरासमोर मांडव टाकून झाली. नीलेशनं बापाचेच जुने वाढपी बोलावले होते. शंकर खाप्याहून पहाटेच्या बसनं आला होता. साठीला पोचला होता, पण वरणाची बादली अजून एका हातानं उचलत होता. अकरा जण होते. पंगती उठल्या, आवराआवर सुरू झाली आणि आईंनी मला खुर्चीपाशी बोलावलं.

“सुधीरराव, या लोकायले काही दिलं का?”

“नीलेशनं रोजी दिली आहे, आई.”

“रोजी नाही म्हणत मी. खुशी. प्रभाकरराव असते तर त्याइनं सगळ्यायले हातात दिली असती. आता मोठे जवाई तुम्ही. त्याइच्याच नावानं द्या.”

मी तयारीत नव्हतो असं म्हणणार नाही. गेलं वर्षभर एक लिफाफा माझ्या कपाटात पडून होता. जहाजावरच्या सहा हजार चारशेतले दोन हजार परबच्या हातात गेले होते. चार हजार चारशे राहिले होते. जहाजावर ते पोचवायचा रस्ता मला सापडला नव्हता. मी मुलाला घरी पाठवून लिफाफा मागवला. अकरा माणसं, प्रत्येकी चारशे. बरोबर बसलं. ते तसं बसल्याचं मला समाधान वाटलं, आणि लगेच त्या समाधानाची लाजही वाटली. पैसे जहाजावरच्या धुणाऱ्या-घासणाऱ्यांचे होते, ते या अकरा जणांना देऊन मी सुटत नव्हतो.

एकेकाला बोलावून मी नोटा उघड्या तळहातावर ठेवल्या. हात मिळवला नाही. “मोजून घ्या,” म्हटलं. शंकर सगळ्यात शेवटी आला. त्यानं नोटा उलटून पाहिल्या, सुलटून पाहिल्या.

“कोणाच्या तर्फे म्हणता साहेब?”

“प्रभाकरभाऊंच्या.”

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या खांद्यावरून पलीकडे, खुर्चीत पुढे झुकून बसलेल्या आईंकडे. त्याला काय उमगलं ते त्यालाच ठाऊक. नोटा कपाळाला लावून तो मोठ्यानं म्हणाला, “भेटलं, आजी! भाऊचं भेटलं!”

आईंनी समाधानानं मान डोलावली आणि पदर डोळ्यांना लावला.

शंकर मात्र हलला नाही. शेजारच्या टेबलावर पानसुपारीचं सामान मांडलं होतं. त्यातला एक स्टीलचा डबा त्यानं माझ्यापुढे धरला. झाकणाला मधोमध फट होती. कुलूप कधीच निघालेलं होतं. नीलेशच्या बायकोनं घरातलं जे हाताला लागलं ते काढलं असणार. शंकरनं झाकण उचललं.

“घ्या साहेब,” तो हळूच म्हणाला. “तीस वर्षांत आज पयल्यांदा उघडा पाह्यला. पाहा ना, बडीशेप निघाली.”